पंक्तिभेदाची सात फुटी भिंत

१/२४
अमेरिकेच्या दक्षिण भागात रविवारी दुपारी चर्च सुटले की कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर जेवायला निघतात. आजी-आजोबा, लेकी-सुना, नातवंडे लांब मेजाभोवती बसतात आणि तळलेल्या कोंबडीचे ताट हातोहात फिरू लागते. आज हे दृश्य अगदी घरगुती वाटते. परंतु साठ-पासष्ट वर्षांपूर्वीपर्यंत या मेजाशी कोणी बसावे हे कायदा आणि रूढी ठरवीत असत. आणि ज्यांच्या हातांनी ती पाककला घडली, त्यांनाच तेथे सहकुटुंब बसण्याची मनाई होती. हा धागा त्या मेजाच्या इतिहासाचा आहे.

२/२४
'साउथचे हॉटेल' म्हटले की मराठी वाचकाला इडली-डोसा आठवेल. अमेरिकेत 'सदर्न' म्हणजे मुख्यतः ती राज्ये, जी १८६०-६१ मध्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटली. तेथील ताटात तळलेली कोंबडी, मक्याच्या पिठाचा पाव, मक्याच्या कण्या (त्यांना 'ग्रिट्स' म्हणतात), कॉलर्ड नावाची पालेभाजी, भेंडी, चवळी आणि रताळ्याचे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ असतो. टेनेसीत 'मीट अँड थ्री' ही पद्धत रूढ आहे: एक मांसाचा पदार्थ आणि सोबत आवडीच्या तीन भाज्या. कल्पना आपल्या थाळीहून फार दूर नाही.

३/२४
या ताटाची वंशावळ पाहण्यासारखी आहे. मक्याच्या कण्या मूळ अमेरिकन जमातींच्या. भेंडी आणि चवळी गुलामांच्या जहाजांबरोबर आफ्रिकेतून आली. लुइझियानातील प्रसिद्ध रस्सा 'गंबो' याचे नाव बांटू भाषांतील भेंडीच्या नावावरून पडले असे मानतात. चवळी आणि तांदळाचा 'हॉपिन जॉन' नववर्षाच्या पहिल्या दिवशी शकुन म्हणून खाल्ला जातो. ज्यांच्या पूर्वजांना साखळदंडांत आणले गेले त्यांचे धान्य मालकांच्या सणाचे पक्वान्न झाले.

४/२४
तांदळाचेही तसेच. अठराव्या शतकात दक्षिण कॅरोलायना भातावर गबर झाले. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, भरती-ओहोटीचे पाणी अडवून-सोडून भात पिकवीत. गोव्याच्या खाजण शेतीची ज्यांना ओळख आहे त्यांना हे तंत्र परके वाटणार नाही. अशा प्रदेशांतून पकडून आणलेल्या माणसांनी कॅरोलायनाच्या दलदलीत मैलोगणती बांध उभारले. ते श्रम त्यांचे होते आणि भाताची जाणही त्यांच्यातील अनेकांनी सोबत आणली होती. नफा तेवढा दुसऱ्यांचा होता.

५/२४
स्वयंपाकघरातील एक नाव इतिहासाने जपले आहे. जेम्स हेमिंग्ज हा टॉमस जेफरसन यांचा गुलाम. जेफरसन यांनी त्याला पॅरिसला नेले आणि फ्रेंच पाककलेचे शिक्षण दिले. स्वातंत्र्याची किंमत म्हणून हेमिंग्जला एक अट पूर्ण करावी लागली: आपली सारी विद्या दुसऱ्या एकाला शिकवणे. त्याने आपल्या सख्ख्या भावाला, पीटरला, शिकवले. १७९६ मध्ये जेम्स मुक्त झाला. पीटर गुलामच राहिला आणि त्या चुलीपुढे उभा राहिला.

६/२४
१८६५ मध्ये गुलामगिरी संपली. हाती पैसा नव्हता, जमीन नव्हती. पण पाककला होती. व्हर्जिनियातील गॉर्डन्सव्हिल या रेल्वे जंक्शनवर कृष्णवर्णीय स्त्रिया डोक्यावर परात घेऊन गाडीच्या खिडकीशी उभ्या राहत आणि प्रवाशांना तळलेली कोंबडी, पाव, कॉफी विकत. गाड्यांत तेव्हा जेवणाचे डबे नसत. या व्यवसायावर अनेकींनी घरे चालवली. खिडकीच्या आत बसलेला गिऱ्हाईक आणि फलाटावर उभी असलेली सुगरण, हे अंतर पुढील शंभर वर्षे टिकणार होते.

७/२४
१८९६ मध्ये 'प्लेसी' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या पण 'समान' सोयींना मान्यता दिली आणि विभक्ततेचे कायदे फोफावले. अलाबामातील बर्मिंगहॅम शहराच्या नियमावलीतील कलम ३६९ वाचण्याजोगे आहे. गोऱ्या व कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना एकाच खोलीत जेवू घालणे तेथे बेकायदा होते. अपवाद एकच: दोघांच्या मध्ये जमिनीपासून किमान ७ फूट उंच भक्कम भिंत असावी आणि रस्त्यावरून आत येण्याचे दरवाजे स्वतंत्र असावेत.

८/२४
मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे: पंक्तिभेद. परंतु येथे एक फरक ध्यानात घ्यावा. भारतातील जातिव्यवस्थेत 'खालच्या' ठरवलेल्या हाताने शिजवलेले अन्न 'वरच्याला' चालत नसे. अमेरिकेच्या दक्षिणेत उलट होते. कृष्णवर्णीय स्त्रीने रांधलेले, तिनेच वाढलेले जेवण गोरे कुटुंब रोज आवडीने जेवी. तिच्या मांडीवर मुले वाढवी. अन्न विटाळत नव्हते. तिने शेजारच्या खुर्चीवर बसणे मात्र खपत नव्हते. बरोबरीने बसणे म्हणजे बरोबरीचे होणे, आणि भीती होती ती त्याची.

९/२४
हे वर्म उत्तर कॅरोलायनातील पत्रकार हॅरी गोल्डन यांनी १९५६ मध्ये विनोदाने उघडे पाडले. त्यांचे निरीक्षण असे: दुकानात, बँकेत, पैसे भरण्याच्या रांगेत गोरे आणि कृष्णवर्णीय खुशाल शेजारी उभे राहतात, बखेडा होतो तो बसण्यावरून. मग सगळीकडच्या खुर्च्याच काढून टाकाव्यात! शाळांतून बाके काढून मुलांना उभ्यानेच शिकू द्यावे, म्हणजे प्रश्न मिटेल. वाचक हसले. चारच वर्षांनी विद्यार्थी नेमके खुर्च्यांवरच जाऊन बसले.

१०/२४
तोपर्यंत प्रवासाला निघालेल्या कुटुंबाने काय करावे? आई आदल्या रात्री कोंबडी तळी, अंडी उकडी, केक कापी आणि सारे बुटांच्या रिकाम्या खोक्यात भरी. रस्त्यात उपाहारगृहांच्या पाट्या येत-जात. मागे बसलेली मुले थांबण्याचा हट्ट धरत. वडील गाडी थांबवत नसत. १९३६ पासून न्यूयॉर्कमधील टपालवाहक व्हिक्टर ह्यूगो ग्रीन 'ग्रीन बुक' ही मार्गदर्शिका काढू लागले. कोणत्या गावात कृष्णवर्णीय कुटुंबाला जेवण आणि निवारा मिळेल, याची ती यादी होती. ती तीस वर्षे निघत राहिली.

११/२४
याच काळात कृष्णवर्णीयांची स्वतःची उपाहारगृहे उभी राहिली. न्यू ऑर्लिन्सच्या ट्रेमे भागात १९४१ मध्ये 'डूकी चेस' सुरू झाले. १९४६ मध्ये त्या घरात सून म्हणून आलेल्या लिआ चेस यांनी तेथे पांढरे टेबलक्लॉथ, नीट मांडलेले काटे-चमचे आणि क्रिओल पक्वान्ने आणली. शहरातील उंची उपाहारगृहांची दारे ज्यांना बंद होती, त्या कुटुंबांना मुलांचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस थाटात साजरा करण्याची जागा मिळाली.

१२/२४
या उपाहारगृहाच्या माडीवर दुसरीही पंगत बसे. नागरी हक्कांचे कार्यकर्ते, गोरे आणि कृष्णवर्णीय, तेथे एकत्र बसून गंबो खात आणि पुढील मोर्च्याची आखणी करीत. १९६१ चे 'फ्रीडम रायडर्स'ही तेथे जेवले. लुइझियानाच्या कायद्याने असे एकत्र बसणे गुन्हा होता. सारे शहर ज्या स्वयंपाकघरावर प्रेम करी त्यावर धाड घालण्याचे पोलिसांनी टाळले. लिआ चेस २०१९ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी निवर्तल्या; अखेरच्या काळापर्यंत त्यांचा वावर स्वयंपाकघरात होता.

१३/२४
अलाबामातील माँटगोमेरीत जॉर्जिया गिलमोर एका उपाहारगृहात स्वयंपाकी होत्या. १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरील खटल्यात त्यांनी बस बहिष्काराच्या बाजूने साक्ष दिली आणि नोकरी गेली. किंग यांनी त्यांना घरूनच जेवण विकण्याचा सल्ला दिला. गिलमोर आणि त्यांच्या मैत्रिणी केक, पाय, कोंबडी विकून बहिष्कारासाठी पैसा उभा करीत. देणगी कुठून आली असे कुणी विचारले तर उत्तर ठरलेले: 'कुठूनच नाही'. मंडळाचे नावच 'क्लब फ्रॉम नोव्हेअर' होते. ३८१ दिवसांच्या लढ्याला या चुलीने हातभार लावला.

१४/२४
आता हा धागा काही काळ नागपुरात येतो. जेम्स लॉसन हा ओहायोतील मेथडिस्ट तरुण. कोरिया युद्धासाठी सैन्यभरती नाकारली म्हणून त्याने १३ महिने तुरुंगवास भोगला. १९५३ मध्ये तो मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला. मुलांना खेळ शिकवू लागला आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करू लागला. १९५५ च्या डिसेंबरात 'नागपूर टाइम्स'मध्ये त्याने माँटगोमेरीच्या बस बहिष्काराची बातमी वाचली. ज्याची तो वाट पाहत होता ते त्याच्याच देशात सुरू झाले होते.

१५/२४
लॉसन नागपुरात होता तेव्हा भारताची राज्यघटना नुकतीच अमलात आलेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या या घटनेचे कलम १५ स्पष्ट सांगते की धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी केवळ कोणत्याही कारणावरून नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही. व्यवहारात ते किती पाळले गेले हा वेगळा प्रश्न. परंतु भारतात १९५० मध्ये कागदावर उतरलेला हा हक्क अमेरिकेच्या संघीय कायद्यात यायला आणखी १४ वर्षे लागली.

१६/२४
१९५६ मध्ये लॉसन मायदेशी परतला. १९५७ मध्ये किंग यांच्याशी भेट झाली; आता थांबू नका, दक्षिणेत या, असा त्यांचा आग्रह पडला. लॉसन टेनेसीतील नॅशव्हिलमध्ये स्थायिक झाला आणि एका चर्चच्या तळघरात अहिंसेच्या कार्यशाळा घेऊ लागला. लढा कोठून सुरू करावा, असा प्रश्न निघाला तेव्हा गावातील आयांचे म्हणणे निर्णायक ठरले. मोठ्या दुकानांत त्या मुलांसाठी कपडे विकत घेऊ शकत. पण थकलेल्या, भुकेल्या मुलाला तेथील लंच काउंटरवर बसवून काही खाऊ घालू शकत नसत.

१७/२४
म्हणजे लढ्याचे ठिकाण ठरले ते आयांच्या अनुभवातून. तळघरात तालीम सुरू झाली. काही विद्यार्थी काउंटरवर बसल्याचा अभिनय करीत. इतर त्यांना शिव्या देत, ढकलत, अंगावर धूर सोडत. प्रतिकार करायचा नाही, पळायचे नाही, एकमेकांना आडवे होऊन वाचवायचे. डायान नॅश, जॉन लुईस असे विशीतले तरुण येथे घडले. सत्याग्रहाच्या अभ्यासात लॉसनने नागपुरात जे वेचले होते, ते आता कमरेइतक्या उंच गोल स्टुलांवर उतरणार होते.

१८/२४
ठिणगी आधी उत्तर कॅरोलायनात पडली. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरोच्या वूलवर्थ दुकानात चार विद्यार्थी शिरले: एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मकेन आणि जोसेफ मॅकनील. त्यांनी आधी किरकोळ वस्तू विकत घेतल्या, पावत्या खिशात ठेवल्या आणि मग काउंटरवर बसून कॉफी मागितली. नकार आला. मुद्दा पावतीतच होता: त्याच दुकानाला आमचा पैसा चालतो, मग आम्ही बसलेलो का चालत नाही? दुकान बंद होईपर्यंत ते उठले नाहीत.

१९/२४
१३ फेब्रुवारीला नॅशव्हिलचे शंभराहून अधिक विद्यार्थी तीन दुकानांत जाऊन बसले. नीटनेटके कपडे, हातात अभ्यासाची पुस्तके. २७ फेब्रुवारीला गोऱ्या तरुणांनी त्यांना स्टुलांवरून खेचून मारहाण केली. पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्यांना. त्यांनी दंड भरण्याऐवजी तुरुंग पत्करला. लॉसनला व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकले. तेव्हा मोठी माणसे पुढे सरसावली. ईस्टरला मुलांना नवे कपडे शिवण्या-घेण्याची प्रत्येक घराची रीत; त्या वर्षी कृष्णवर्णीय कुटुंबांनी शहराच्या मध्यभागातून काहीही खरेदी केले नाही.

२०/२४
१९ एप्रिलला विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो लोक मूकपणे नगरपालिकेकडे चालत गेले. पायऱ्यांवर डायान नॅशने महापौर बेन वेस्ट यांना विचारले की केवळ वर्णावरून माणसात भेद करणे योग्य आहे काय. महापौरांनी सर्वांसमक्ष ते अयोग्य असल्याचे मान्य केले. १० मे १९६० रोजी सहा दुकानांची लंच काउंटर खुली झाली. ग्रीन्सबरोत २५ जुलैला पहिला घास मिळाला तो दुकानाच्याच कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना. जिनिव्हा टिस्डेल आजवर त्या काउंटरच्या आत राबत होत्या. त्या दिवशी त्या बाहेरच्या बाजूला बसल्या.

२१/२४
२ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायदा झाला आणि उपाहारगृहांतील वर्णभेद देशभर बेकायदा ठरला. बर्मिंगहॅमच्या 'ऑलीज बार्बेक्यू'ने त्याला आव्हान दिले. १९२७ पासून चाललेले हे एका कुटुंबाच्या मालकीचे उपाहारगृह. बसायला २२० जागा. भाजलेले मांस आणि घरगुती पाय यांसाठी नावाजलेले. ३६ नोकरांपैकी सुमारे दोन तृतीयांश कृष्णवर्णीय. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला तेथे पार्सल मिळे, खुर्ची मिळत नसे. मालकांचा युक्तिवाद असा: आमचा धंदा स्थानिक आहे, संघराज्याचा याच्याशी काय संबंध?

२२/२४
न्यायालयाने मालकांच्या हिशेबाच्या वह्या पाहिल्या. वर्षभरात सुमारे दीड लाख डॉलरचा माल घेतला होता. त्यातील ६९,६८३ डॉलरचे मांस परराज्यातून आले होते. जेथे खायला मिळत नाही तेथे लोक प्रवास करीत नाहीत, आणि अशा नकारांच्या बेरजेतून आंतरराज्य व्यापाराला बाध येतो, असे न्यायालयाने धरले. १४ डिसेंबर १९६४ चा हा निर्णय एकमताचा होता. बुटांच्या खोक्यात डबा बांधून वर्षानुवर्षे न थांबता गेलेल्या गाड्यांचा अर्थ अखेर न्यायालयाच्या भाषेत लिहिला गेला. मालकांनी निर्णय पाळला.

२३/२४
सगळ्यांनी पाळला नाही. अटलांटाच्या 'पिकरिक'चे मालक लेस्टर मॅडॉक्स यांनी तळलेली कोंबडी खायला आलेल्या कृष्णवर्णीय तरुणांना पिस्तूल दाखवून परतवले; पुढे उपाहारगृह सोडले, पण भेद सोडला नाही. १९६७ मध्ये ते जॉर्जियाचे गव्हर्नर झाले. दक्षिण कॅरोलायनातील 'पिगी पार्क'ने धर्मश्रद्धेचा आधार घेतला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो साफ क्षुल्लक ठरवला. आणि २००४ मध्ये दक्षिणी शैलीच्या एका मोठ्या उपाहारगृह साखळीवर अमेरिकेच्या न्याय विभागाला वर्णभेदासाठी दावा लावावा लागला. प्रकरण समझोत्याने मिटले. कायद्याने भिंत पडते. सवय पडायला वेळ लागतो.

२४/२४
जॉर्जिया गिलमोर मार्च १९९० मध्ये वारल्या. सेल्माच्या मोर्च्याला २५ वर्षे झाली म्हणून स्मरणयात्रा निघणार होती आणि त्या दिवशी सकाळी त्या यात्रेकरूंसाठी कोंबडी आणि मॅकरोनी शिजवीत होत्या. ते अन्न घरच्यांनी सांत्वनाला आलेल्यांना वाढले. जेम्स लॉसन २०२४ मध्ये, ९५ व्या वर्षी गेले. 'डूकी चेस'मध्ये ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी आजही अनेक पालेभाज्यांचा हिरवा गंबो शिजतो. कुटुंबे आधीपासून जागा राखून ठेवतात, मुलांसाठी उंच खुर्च्या मागवतात, आणि ताट हातोहात फिरू लागते.

(धागा समाप्त)